चार बोटे वर : राज्यातील शल्यचिकित्सकांना खुले पत्र

महाराष्ट्रातील शल्यचिकित्सक, तसेच शल्यविभागांत काम करणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर यांस,

सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारी निवृत्त मुख्याध्यापिका आहे. सहा वर्षांपूर्वी गुदाशयाच्या कर्करोगासाठी माझ्यावर शस्त्रक्रिया झाली. गुदद्वार कायमचे बंद करण्यात आले आणि मोठ्या आतड्याचे टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर काढून कोलोस्टोमी करण्यात आली. गाठ पूर्ण निघाली, त्यानंतरच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या, आणि ज्यांच्या हातून हे झाले त्यांना मी दर दिवाळीला फोन करते. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते कोणा एका डॉक्टरावर किंवा रुग्णालयावर ठपका ठेवण्यासाठी लिहिलेले नाही. ही चूक इतकी सर्रास होते, आणि ती टाळायला इतका थोडा वेळ लागतो, की ती सर्वांसमोर मांडावी असे वाटले.

माझे म्हणणे चार बोटांचे आहे. माझा स्टोमा, म्हणजे आतड्याचे पोटावर उघडणारे तोंड, ज्याच्यावर मलासाठी पिशवी चिकटवावी लागते, तो आज जिथे आहे तिथून चार बोटे वर असता, तर ही सहा वर्षे पुष्कळ सोपी गेली असती. मी आडवी निजले की तो अगदी योग्य जागी आहे असे कोणालाही वाटेल, आणि ज्यांनी ती जागा ठरवली त्यांनी मला ऑपरेशन टेबलावर आडवीच पाहिले होते. मी उभी राहिले की मात्र तो नेमका परकराच्या नाडीखाली येतो, आणि मांडी घालून बसले की पोटाची वळी त्याच्यावर उतरते आणि मला तो दिसेनासा होतो. जे दिसत नाही ते पुसायचे, त्याचे माप घ्यायचे आणि त्याच्याभोवती चकती बरोबर चिकटवायची, म्हणजे एका हातात आरसा धरून दुसऱ्या हाताने काम करायचे. माझे हात अजून थरथरत नाहीत. आणखी दहा वर्षांनी काय करायचे, हा विचार मी सध्या करत नाही.

पिशवीची चकती, जिला आम्ही सगळे फ्लँज म्हणतो, ती कशी टिकते हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. तरीही रोज ती लावणारीच्या बाजूने सांगते. तिला सपाट, कोरडी आणि फारशी न हलणारी त्वचा लागते. नाडी तिच्या वरच्या कडेवर दिवसभर घासत राहते, वळीत घाम साचतो, वाकले की त्वचा दुमडते आणि दुमड पडली तिथून फ्लँज हळूहळू सुटू लागते. नीट बसलेली फ्लँज तीन ते पाच दिवस जाते असे मला सांगण्यात आले होते. पहिल्या वर्षी माझी दीड दिवस गेली तर मी देवापुढे साखर ठेवायची. एप्रिल-मे महिन्यांत तर दिवसाला एक असा खप होता. आमच्या गावात माझ्या मापाची, म्हणजे ५७ मिलिमीटरची फ्लँज मिळत नसे; औषधवाला ती साताऱ्याहून मागवून घ्यायचा आणि पाचाच्या जागी दहा घेतल्या तरच आणीन म्हणायचा. (१८ जुलै २०२२ पासून या साहित्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा थोडा आधार झाला, पण जी पिशवी चार दिवस जायची ती एका दिवसात फेकावी लागते तेव्हा कराच्या सवलतीने हिशेब जुळत नाही.)

पहिल्या संक्रांतीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. शेजारच्या घरी हळदीकुंकू होते. शस्त्रक्रियेनंतर मी पहिल्यांदाच चारचौघींत जात होते, म्हणून मुद्दाम काठापदराची साडी नेसले आणि ती चापूनचोपून बसावी म्हणून नाडी जरा घट्ट बांधली. सतरंजीवर मांडी घालून बसले. पाऊण तास गप्पा झाल्या. अत्तर लावायला मुलगी पुढे आली, तिच्यासमोर हात करायला मी किंचित पुढे वाकले, आणि कमरेखाली डावीकडे कोमट ओल पसरत गेल्याचे जाणवले. वास यायला साधारण मिनिट लागले असेल. माझ्या हातात तिळगुळाची वडी होती आणि ती ठेवायला जागा नव्हती, एवढे मला स्पष्ट आठवते. यजमानीणबाईंच्या सुनेने काही न विचारता माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि ‘काकू, तुम्हाला आतली खोली दाखवायची राहिली’ असे म्हणून मला उठवले. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही. त्यानंतर पुढची दोन वर्षे मात्र मी जमिनीवर मांडी घालून कुठेही बसले नाही. पूजेला नाही, पंगतीला नाही, माझ्या नातवाच्या बारशालाही नाही.

आता जे विचारायचे आहे ते विचारते. शस्त्रक्रियेपूर्वी मला पाच आठवडे किरणोपचार देण्यात आले, एकूण २५ वेळा. त्यासाठी पहिल्याच दिवशी तंत्रज्ञांनी माझ्या ओटीपोटावर आणि दोन्ही कुशींवर शाईने खुणा केल्या आणि आंघोळ करताना त्या पुसल्या जाता कामा नयेत असे बजावले, कारण किरण एखाद्या सेंटिमीटरनेही सरकून चालणार नव्हते. मी त्या खुणा पाच आठवडे जिवापाड जपल्या. किरणोपचार संपल्यावर शस्त्रक्रियेपर्यंत आणखी आठ आठवडे गेले. म्हणजे तीन महिने माझे पोट रुग्णालयाच्या ओळखीचे होते. त्यावर शाई होती, त्याचे स्कॅन होते, त्याची मोजमापे फाइलमध्ये होती. त्या तीन महिन्यांत, जी जागा मी मरेपर्यंत रोज हाताळणार होते तिच्यासाठी एक टिंब काढायला पेन घेऊन कोणीही आले नाही. पेन तर प्रत्येकाच्या खिशाला होते.

ही खूण कशी करायची हे तुमच्याच पाठ्यपुस्तकांत लिहिलेले आहे, हे मला फार उशिरा कळले. रुग्णाला आडवे निजवून मान उचलायला सांगायची, म्हणजे पोटाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंचा उभा स्नायू हाताला लागतो. स्टोमा त्या स्नायूतून काढला तर पुढे हर्निया होण्याची भीती कमी राहते असे मानतात. मग त्याला बसवायचे, उभे करायचे, वाकायला सांगायचे आणि वळ्या कुठे पडतात ते पाहायचे. बेंबी, हाडांचे उंचवटे, जुने व्रण आणि कमरपट्ट्याची रेषा यांपासून दूर अशी सपाट जागा निवडायची आणि शेवटी रुग्णालाच विचारायचे, ‘तुम्हाला ही खूण दिसते का?’ जाडजूड माणसाच्या बाबतीत ती बेंबीच्या वर घ्यावी लागते, कारण खालचे त्याला दिसतच नाही. आतड्याची लांबी किंवा रक्तपुरवठा पाहून ऐन वेळी जागा बदलावी लागू शकते, म्हणून एकाऐवजी दोन जागांवर खूण करून ठेवतात. सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटांचे काम.

मात्र ही पद्धत जशीच्या तशी वापरूनही आपल्याकडे पुरणार नाही, असे माझे मत आहे. मला कंपनीची जी पुस्तिका मिळाली तिच्यातला मनुष्य पँट आणि पट्टा घातलेला होता, खुर्चीवर बसत होता आणि कमोड वापरत होता. माझ्या वॉर्डातल्या अकरा बायकांपैकी एकीच्याही घरी कमोड नव्हता. आपल्या माणसाला खुर्चीवर बसवून वळी पाहिली तर अर्धीच वळी दिसते. त्याला मांडी घालायला सांगा, उकिडवे बसायला सांगा. ज्याच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास आहे त्याला पिशवी रिकामी करतानाही उकिडवेच बसावे लागते, आणि तेव्हा मांडी पिशवीवर दाबली जाते की नाही, हे वॉर्डातच पाहता येते. बाईला परकर नेसवून नाडी तिच्या सवयीने बांधू द्या आणि नाडीच्या रेषेवर पेनाने आडवी रेघ ओढा. नऊवारी नेसणारी असेल तर कासोट्याचा ताण आणि निऱ्यांचा गठ्ठा कुठे येतो ते पाहा. धोतर नेसणाऱ्या म्हाताऱ्याची गाठ पँटच्या पट्ट्याहून वेगळ्या जागी असते. आणि बाईला हे अवश्य विचारा, की पाण्याची कळशी ती कोणत्या कमरेवर घेते, मूल कोणत्या कडेवर घेते. बहुतेक जणी डाव्या कमरेवर घेतात, आणि कोलोस्टोमी बहुधा डाव्या बाजूलाच येते. जिला रोज विहिरीवरून चार खेपा आणायच्या आहेत तिच्यासाठी हा प्रश्न शस्त्रक्रियेइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो विचारायला कसलेही यंत्र लागत नाही.

मला याची उत्तरे ऐकायला मिळाली आहेत. रात्री दोन वाजता आतडे फुटलेला रुग्ण येतो तेव्हा परकर नेसवत बसणार का, असे एका तरुण डॉक्टरांनी मला विचारले. रास्त आहे, तेव्हा जीव आधी. पण माझी शस्त्रक्रिया रात्री दोन वाजता झाली नाही. ती तीन महिने आधी ठरलेल्या मंगळवारी, सकाळी साडेआठ वाजता झाली, आणि आदल्या दिवशी दुपारी बारापासून मी वॉर्डात रिकामी बसून होते. कर्करोगासाठी होणाऱ्या पुष्कळ शस्त्रक्रिया अशाच आधी ठरलेल्या असतात. दुसरे उत्तर असे, की सरकारी वॉर्डात एका सिस्टरकडे चाळीस खाटा असतात. हेही खरे आहे, आणि त्यासाठी सरकारकडे वेगळे भांडावे लागेल. तरीपण त्या दुपारी तीन जणांनी येऊन माझे रक्तदाब मोजले आणि तिघांनाही तोच आकडा मिळाला.

जागेबद्दल इतके लिहिले, कारण जागा चुकली की बाकीचे शिकून फारसा उपयोग होत नाही. पण बाकीचेही आम्हाला कोणी शिकवत नाही. वॉर्डात माझी पिशवी मावशी बदलत. त्या फार मायाळू होत्या, आणि मी बघू नये म्हणून माझ्या तोंडावर चादर ओढत असत. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा तो लाल, ओलसर गोळा पाहिला आणि जखम उघडी पडली असे समजून रडू लागले. तो तोंडाच्या आतल्या अस्तरासारखाच लाल आणि ओला असतो, त्याला हात लावल्याने दुखत नाही, पुसताना थेंबभर रक्त आले तर घाबरायचे नसते, मात्र तो काळपट पडला तर त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे असते, ही चार वाक्ये मला चादर बाजूला करून कोणी सांगितली असती तर ती रात्र वाचली असती. सुरुवातीच्या सहा-आठ आठवड्यांत सूज उतरून स्टोमा लहान होतो, म्हणून फ्लँजचे भोक दर वेळी नव्याने मोजून, कडेला दोन-तीन मिलिमीटरच मोकळे ठेवून कापायचे असते. मी तीन महिने पहिल्याच कागदी मापाने कापत राहिले, आणि उघड्या राहिलेल्या कातडीची चाळण झाली. गुदद्वार काढून टाकल्यानंतरही शौचाला लागल्याची भावना कित्येक महिने होत राहते, हेसुद्धा मला ठाऊक नव्हते. मी पहाटे उठून तासतासभर संडासात बसत असे आणि आपले डोके फिरले आहे असे समजून कोणाला सांगत नसे.

काही गोष्टी मात्र कोणी शिकवूनही उपयोग झाला नसता. आमच्या शाळेच्या जुन्या शिपायांच्या शोकसभेत दोन मिनिटे शांतता पाळताना माझ्या पोटाने मध्येच असा काही आवाज काढला, की पुढच्या रांगेतले सरपंच वळून पाहू लागले. वायू अडवायला स्टोमाला स्नायू नसतो. तो आपला बोलतो. आता सभा असली की आदल्या दिवशी वाल, चवळी आणि कोबी खात नाही, ताक घेते, आणि इतके करूनही बोललाच तर शेजारणीकडे रागाने पाहते.

इलिओस्टोमी, म्हणजे लहान आतड्याचा स्टोमा, झालेल्यांचे हाल याहून वेगळे आहेत. लहान आतड्यातून येणारे पातळ असते, त्यात पाचकरस असतात आणि ते कातडीला लागले की काही तासांत भाजल्यासारखे होते. माझ्याबरोबर वॉर्डात एका ऊस उत्पादकांच्या पोटावर तात्पुरती इलिओस्टोमी केलेली होती. निघताना त्यांना ‘भरपूर पाणी प्या’ एवढेच सांगण्यात आले. त्यांनी ते इमानाने पाळले, वैशाखात शेतावर जाऊन दिवसाला दोन-दोन कळशा साधे पाणी प्यायले, पिशवी तासातासाला भरू लागली, आणि आठव्या दिवशी पायांत गोळे येऊन, भोवळ येऊन पडले तेव्हा मूत्रपिंडाला त्रास झाल्याचे निघाले. मोठे आतडे वापरात नसले की शरीरातून पाण्याबरोबर मीठही जात राहते. नुसते पाणी जितके जास्त ओतावे तितके ते वाहून जाते. त्यांना लागत होते ते मीठ-साखरेचे प्रमाणशीर पाणी, म्हणजे आपले ओआरएस. दिवसाला दीड लिटरहून अधिक जाऊ लागले तर थांबायचे नाही, लगेच यायचे, हेही कोणी त्यांना सांगितले नव्हते. त्यांचे डिस्चार्ज कार्ड मी वाचले होते. त्यावर शस्त्रक्रियेचे वर्णन इंग्रजीत सात ओळींत होते. त्यांना वाचता येईल अशी एकही ओळ मराठीत नव्हती.

हे सगळे शिकवायचे काम सर्जननेच करावे असा माझा आग्रह नाही. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे रूपर्ट टर्नबुल नावाचे सर्जन होते. स्वतः इलिओस्टोमी झालेल्या नॉर्मा गिल या बाईंना त्यांनी १९५८ साली आपल्या रुग्णालयात कामावर घेतले ते याच कामासाठी, आणि पुढे १९६१ साली दोघांनी मिळून तिथे या शास्त्राची शाळा काढली. आज जगभर ज्यांना स्टोमा थेरपिस्ट म्हणतात त्यांची परंपरा त्या बाईंपासून सुरू होते. याच टर्नबुल यांनी स्टोमाभोवतीची कातडी वाचवायला १९५२ साली कराया डिंक वापरला होता. हा डिंक आपल्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या कांडोळाचा, म्हणजे ज्याला काही भागांत भुत्या म्हणतात त्या पांढऱ्या खोडाच्या झाडाचा. डिंक आपल्या रानातून गेला; ज्या रुग्णालयात तो पोहोचला तिथल्या सर्जनने मात्र आपल्याच रुग्णाला शिक्षिका केले, हे मला अधिक मोलाचे वाटते. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे, तिथे परिचारिकांना हे काम शिकवले जाते, आणि त्याच परिसरात ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांची संस्था आहे. पण परळला पोहोचणारा रुग्ण आधीच नशीबवान. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या रुग्णालयांत, जिथे ही शस्त्रक्रिया आता होऊ लागली आहे, तिथल्या निदान एका सिस्टरला हे प्रशिक्षण मिळावे आणि मिळाल्यावर तिची बदली डोळ्यांच्या विभागात होऊ नये, एवढे तुम्ही तुमच्या वरिष्ठांकडे मागू शकता. तुम्ही मागितले तर ऐकतील; आमचे कोण ऐकते?

तोवर तुमच्या एकट्याच्या अखत्यारीत आहे ते इतकेच, की आदल्या दुपारी पेन घेऊन खाटेपाशी यावे. आणि डिस्चार्जच्या कागदावर सही करण्यापूर्वी रुग्णाने स्वतःच्या हाताने दोनदा पिशवी बदललेली पाहावी, नवऱ्याने किंवा सुनेने बदललेली नव्हे. जमले तर नवरा-बायकोला एकत्र बसवून, दार लोटून, एकमेकांच्या जवळ येता येईल की नाही याबद्दलही बोलावे. तो प्रश्न आमच्याकडे कोणीही तुम्हाला विचारणार नाही, आणि तुम्ही बोलला नाहीत तर उत्तर ‘नाही’ असेच धरले जाते.

माझ्यापुरते मी काय केले तेही सांगते. आमच्या गावच्या शिंप्याला मी तिसऱ्या वर्षी धीर करून खरे कारण सांगितले. त्याने काहीच आश्चर्य दाखवले नाही. परकराची नाडी काढून टाकली, तिच्या जागी चार बोटे रुंदीचा सैल इलॅस्टिकचा पट्टा लावला आणि तो पट्टा स्टोमाच्या वर, पोटावर बसेल अशा मापाने शिवला. माप घेण्यापूर्वी त्याने मला विचारले, ‘बाई, उभ्याने माप घेऊ की बसल्यावर?’

माझी तुम्हाला विनंती आहे आणि एक देऊ केलेली गोष्टही आहे. आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही रुग्णालयात अशी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आदल्या दिवशी मला निरोप पाठवावा. मी एसटीने येईन. रुग्ण बाई असेल तर तिच्याजवळ बसून तिला माझी पिशवी दाखवीन, ती म्हणेल ते सगळे ऐकून घेईन आणि मग सिस्टरांना हाक मारीन. पेन तुमचे असू द्या. परकर, सतरंजी आणि रिकामी कळशी मी घेऊन येते.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका